नंबर प्लेटचा पत्रा

गाडीला धातूची नंबर प्लेट चालते का, असा प्रश्न सध्या पुष्कळांना पडतो. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत जुनी स्कूटर किंवा रिक्षा बाळगणारा माणूस तो हमखास विचारतो. त्याच्या गाडीवर वीस वर्षांपूर्वी पेंटरने रंगवलेला लोखंडी पत्रा असतो, किंवा 'रेडियम'ची अक्षरे चिकटवलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी. उत्तर एका वाक्यात देता येते. आज भारतात नंबर प्लेट धातूचीच असावी लागते, पण केवळ धातूची आहे म्हणून ती कायदेशीर ठरत नाही. हे उत्तर प्रथम कोड्यासारखे वाटते. ते उलगडण्यासाठी आपल्याला थोडा इतिहास आणि बरेचसे शालेय विज्ञान पाहावे लागेल.

पहिला नियम पॅरिसचा

गाडीवर ओळखीची पाटी हवी, असे मोटारींच्या बाबतीत प्रथम ठरले ते पॅरिसमध्ये. १४ ऑगस्ट १८९३ रोजी तेथील पोलिसांनी हुकूम काढला, की प्रत्येक मोटारीवर मालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेला असावा, तो धातूच्या पट्टीवर असावा आणि ती पट्टी कधीही झाकलेली नसावी. पहिल्याच नियमात धातू आला, तसा 'झाकू नये' हा आदेशही आला. पाटी लावणारा ती लपवूही शकतो, हे तेव्हाच्या पोलिसांनी ओळखले होते.

सगळीकडे मात्र धातूचा आग्रह नव्हता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९०१ मध्ये मालकांना आपल्या नावाची आद्याक्षरे गाडीवर लावायला सांगितले. पाटी ज्याची त्याने बनवायची होती. कोणी चामड्याच्या तुकड्यावर अक्षरे ठोकली, कोणी लाकडावर रंगवली. १९०३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने स्वतः पाट्या तयार करून वाटायला सुरुवात केली. त्या लोखंडी पत्र्यावर काचेचा मुलामा चढवलेल्या, म्हणजे आपल्या घरातल्या एनॅमलच्या भांड्यांसारख्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेतील काही राज्यांनी सोयाबीनपासून केलेल्या पुठ्ठ्याच्या पाट्या दिल्या. जनावरे त्या खात, असे सांगितले जाते.

पाटी कशाची असावी हे त्या त्या काळी मिळणारी वस्तू, तिची किंमत आणि समाजाची गरज यांवरून ठरते. ब्रिटनमध्ये आजही अ‍ॅक्रिलिक आणि दाबून उठवलेले अ‍ॅल्युमिनियम या दोन्ही प्रकारांना परवानगी आहे. मात्र पाटी ठरलेल्या मानकात बसली पाहिजे आणि ती पुरवणाऱ्याचे नाव तिच्यावर छापलेले पाहिजे.

मुंबईच्या पाट्या

आपल्याकडे १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला एक चौकट दिली. तिची जागा पुढे १९३९ च्या कायद्याने घेतली. तेव्हा तीन इंग्रजी अक्षरे आणि त्यांपुढे चार अंकांपर्यंत क्रमांक अशी पद्धत होती. खाजगी गाडीची पाटी काळी व अक्षरे पांढरी असत. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी अशीच काळी पाटी लावून रस्त्यावर येई.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि आजची पद्धत रूढ झाली: आधी राज्याची दोन अक्षरे, मग कार्यालयाचा क्रमांक, मग मालिका व गाडीचा क्रमांक. ताडदेव कार्यालयाला ०१, अंधेरीला ०२ आणि पूर्व उपनगरांसाठीच्या, आता वडाळ्याला असलेल्या कार्यालयाला ०३ मिळाला. पुढे बोरिवलीला ४७ क्रमांकाचे वेगळे कार्यालय झाले. म्हणून घाटकोपर-मुलुंडच्या रिक्षेवर ०३ दिसतो, अंधेरीच्या रिक्षेवर ०२ आणि बोरिवलीच्या नव्या रिक्षेवर ४७. मुलांना रस्त्यावर उभे करून पंधरा मिनिटे हे आकडे टिपायला सांगितले, तर वाहतुकीचा एक छोटा नकाशाच तयार होईल.

१९८९ च्या केंद्रीय नियमांचा भर अक्षरांवर होता. अक्षरे इंग्रजी व अंक आंतरराष्ट्रीय वळणाचे असावेत, त्यांची उंची, जाडी आणि मधले अंतर ठरल्याप्रमाणे असावे, असे हे नियम सांगतात. मोटार, ट्रक, बस यांच्या अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि अंतर १० मिलिमीटर. मोटारसायकलच्या मागील पाटीवर अक्षरे ३५ व अंक ४० मिलिमीटर. पाटी तयार करून घेण्याचे काम मात्र मालकाचेच राहिले. त्यातून परिवहन कार्यालयांच्या आसपास पाट्या रंगवणारे पेंटर बसू लागले आणि पुढे 'रेडियम आर्ट'ची दुकाने आली. ज्याला जशी आवड तसे वळण. इंग्रजी अंकांतले ४१४१ थोडे वाकवले की 'दादा' असे वाचता येते, २१४ चे 'राम' होते. देवनागरी पाट्याही दिसू लागल्या. भाषेवरील प्रेमाचा तो भाग असला, तरी नियमात त्या बसत नाहीत.

६५ मिलिमीटरच का?

अक्षरांच्या उंचीवर इतका कटाक्ष कशासाठी, याचे उत्तर वर्गात काढता येते. निरोगी डोळ्याला जे अक्षर जेमतेम वाचता येते, ते डोळ्याशी सुमारे ५ मिनिटांचा कोन करते. येथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, तेव्हा ५ मिनिटे म्हणजे अंशाचा बारावा भाग. डोळे तपासताना भिंतीवर लावलेला अक्षरांचा तक्ता याच हिशेबाने बनवतात. या कोनाची स्पर्शज्या सुमारे ०.००१४५ आहे. ६५ मिलिमीटरला तिने भागले, की सुमारे ४५ मीटर हे अंतर मिळते. ३५ मिलिमीटरचे अक्षर फक्त २४ मीटरपर्यंत वाचता येते.

आता पश्चिम द्रुतगती महामार्गाचा विचार करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला धडक देऊन ती निघून गेली, तर त्याला क्रमांक वाचायला तीन सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात 'दादा' वाचून त्याचे ४१४१ करत बसायला वेळ नसतो. अक्षराचे सुशोभन केले, की ही तीन सेकंदांची सवलतही कमी होते.

हा प्रयोग मैदानावर सहज करता येईल. पुठ्ठ्यावर साध्या वळणाचे, ३२ मिलिमीटर उंचीचे आकडे लिहा आणि विद्यार्थ्यांना एकेक पाऊल मागे जायला सांगा. आकडे वाचता येईनासे होतात ते अंतर मोजा. ते २२ मीटरच्या आसपास यायला हवे. मग तेच आकडे तेवढ्याच उंचीच्या नक्षीदार वळणात लिहून पुन्हा मोजा. दोन अंतरांतील फरक हेच नियमाचे स्पष्टीकरण. प्रयोगाच्या निमित्ताने एखाद्या मुलाला चष्म्याची गरज असल्याचेही लक्षात येईल.

'रेडियम' म्हणजे रेडियम नव्हे

रात्री चमकणाऱ्या चिकटपट्टीला मुंबईत सरसकट रेडियम म्हणतात. पूर्वी घड्याळाच्या काट्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावत. तो अंधारात चमके, त्यावरून हे नाव रुळले असावे. त्या रंगाने अमेरिकेतील घड्याळ कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींचे किती हाल झाले, हे सर्वश्रुत आहे. पाटीवरील पट्टीत मात्र रेडियमचा अंशही नसतो. ती स्वतः प्रकाश देत नाही, आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवते.

साधा आरसा प्रकाशाला दुसऱ्या बाजूला पाठवतो. पांढरा कागद तो सगळीकडे विखुरतो. परावर्तक पट्टीत काचेचे अतिशय बारीक मणी असतात. मण्यात शिरलेला किरण अपवर्तनाने वाकून मागच्या पृष्ठभागावर केंद्रित होतो, तेथे परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकून आल्या दिशेने परततो. यासाठी काचेचा अपवर्तनांक नेहमीच्या १.५ ऐवजी १.९ च्या आसपास असावा लागतो. काही पट्ट्यांत मण्यांऐवजी एकमेकांना काटकोनात असलेल्या पृष्ठभागांचे सूक्ष्म लोलक असतात. तीन आरसे काटकोनात जोडून खोलीच्या कोपऱ्यासारखा आकार करा व त्यावर टॉर्च टाका; प्रकाश टॉर्चकडेच परत येतो. मागच्या गाडीचा दिवा आणि तिच्या चालकाचे डोळे जवळजवळ एका रेषेत असल्यामुळे त्याला पाटी उजळलेली दिसते.

क्रमांकाने लावलेला आणि चुकवलेला तपास

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले. २५७ माणसे मेली. त्या दिवशी वरळीत एक मारुती व्हॅन बेवारस सापडली. तिच्यात शस्त्रे होती. क्रमांक होता एमएफसी १९७२. नोंदणीच्या कागदावरून पोलीस माहीमच्या एका इमारतीत, मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोहोचले आणि कटाचे धागे हाती लागले. त्या पाटीवर गाडीचा खराच क्रमांक होता, म्हणून हे साधले.

उलट उदाहरण २०२१ चे आहे. फेब्रुवारीत दक्षिण मुंबईत कारमायकल रोडवर जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली एक स्कॉर्पिओ सापडली. ती काही दिवसांपूर्वी पूर्व उपनगरातून चोरीस गेल्याची तक्रार विक्रोळी पोलिसांकडे होती. तिच्यावर लावलेला क्रमांक तिचा नव्हता, आणि गाडीत आणखी काही नंबर प्लेट मिळाल्या. त्याच तपासात २८ मार्च २०२१ रोजी मिठी नदीत पाणबुडे उतरवले गेले. त्यांनी संगणकाच्या काही भागांबरोबर नंबर प्लेटची एक जोडीही वर काढली. पाटी बदलणे किती सोपे होते, हे या एका प्रकरणातून सगळ्यांना कळले.

गुन्हेगारीपासून दूर असलेल्या माणसालाही याचा त्रास होतो. मुंबईत २०१७ पासून कॅमेऱ्याने टिपलेल्या क्रमांकावर ई-चलन जाते. कोणी आपला क्रमांक स्वतःच्या गाडीवर लावून सिग्नल तोडला, तर दंडाचा संदेश आपल्या मोबाइलवर येतो. आणि आपण तेथे नव्हतो, हे सिद्ध करण्याची धावपळ आपल्यालाच करावी लागते.

अ‍ॅल्युमिनियमची निवड

या साऱ्यावर उपाय म्हणून २००१ मध्ये केंद्रीय नियमांच्या ५० व्या नियमात बदल झाला आणि 'उच्च सुरक्षा नोंदणी पाटी' आली. तिचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, १ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर परावर्तक थर, अक्षरे दाबून वर उठवलेली आणि त्यांवर उष्णतेने बसवलेला काळा थर, ज्यावर 'इंडिया' हा शब्द तिरका छापलेला. डाव्या बाजूला अशोकचक्राचा २० मिलिमीटर चौरस होलोग्राम, निळी 'आयएनडी' अक्षरे आणि लेझरने कोरलेला त्या पाटीचा स्वतंत्र क्रमांक. मागची पाटी एकदाच बसणाऱ्या कुलुपाने जोडतात. ती काढायची तर कुलूप तोडावेच लागते. चारचाकीच्या पुढील काचेवर आतून एक चिकटपट्टी लागते. तिला तिसरी पाटी म्हणतात.

अ‍ॅल्युमिनियमच का, याची कारणे विद्यार्थी स्वतः शोधू शकतील. मोटारीची लांब पाटी ५०० गुणिले १२० मिलिमीटरची असते. जाडी १ मिलिमीटर धरली तर घनफळ ६० घन सेंटिमीटर. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, म्हणून वस्तुमान १६२ ग्रॅम. तेवढाच लोखंडी पत्रा ४७० ग्रॅमच्या आसपास भरेल. दुसरे कारण मुंबईची हवा. समुद्रावरून येणारा खारा दमटपणा लोखंडाला लवकर गंजवतो, आणि गंज सुटा होऊन पडत राहतो. अ‍ॅल्युमिनियमवरही ऑक्साइड तयार होते, पण ते पातळ व घट्ट असते आणि खालच्या धातूचे रक्षण करते. अशा पाटीला कोणी लोखंडी स्क्रू मारला, तर मात्र खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंचा विद्युतघट तयार होतो आणि स्क्रूभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. धातू दाबला की कायमचा वाकतो. अ‍ॅक्रिलिकवरचे अक्षर खरवडून काढता येते, पण उठवलेले अक्षर रंग गेला तरी बोटांना लागते. ते सपाट करायचा प्रयत्न केला, तरी पत्र्यावर त्याची खूण राहते. हाच गुणधर्म न्यायवैद्यक प्रयोगशाळेत उपयोगी पडतो. चॅसिसवर ठोकलेला क्रमांक कानशीने घासून टाकला, तरी ठोक्याखालचा पोलादाचा भाग आतपर्यंत दबलेला असतो. घासलेल्या जागेवर क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण लावले, की दबलेल्या भागावर त्याची क्रिया भोवतालच्या भागापेक्षा वेगळी होते आणि नाहीसा झालेला आकडा पुन्हा उमटतो.

नियम झाला, अंमल कधी?

२००१ चा नियम रस्त्यावर दिसायला फार वेळ लागला. कंत्राटाच्या अटींवरून वाद झाले. नोव्हेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना व तिच्या अटी वैध ठरवल्या. तरी राज्ये हलली नाहीत, म्हणून २०११-१२ मध्ये न्यायालयाने मुदती घालून दिल्या. महाराष्ट्रात तरीही जुन्या पद्धतीच्या पाट्याच चालू राहिल्या. डिसेंबर २०१८ मध्ये पुन्हा नियम बदलला आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीसोबत अशी पाटी देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले.

त्याआधी नोंदलेल्या गाड्यांसाठी महाराष्ट्राने ३१ मार्च २०२५ ही मुदत ठरवली. पुढे ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. दर ठरले ते दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५०० आणि मोटारीसह इतर गाड्यांना ७४५ रुपये, वर कर. इतर राज्यांपेक्षा हे दर जास्त आहेत, अशी टीका झाली. दिवसाच्या कमाईवर घर चालवणाऱ्या रिक्षावाल्याला ५०० रुपये आणि एक बुडालेला दिवस ही लहान रक्कम नसते. त्याची तक्रार नुसती अडाणीपणाची मानून चालणार नाही. ज्या पाटीमुळे सर्वांचे रक्षण होते तिचा खर्च कोणी करावा, हा नागरिकशास्त्राच्या तासाला चर्चेसाठी घेण्याजोगा प्रश्न आहे.

मग कायदेशीर पाटी कोणती?

पेंटरने रंगवलेला लोखंडी पत्रा धातूचा असूनही चालत नाही. बाजारात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दाबून, वर होलोग्रामसारखे काहीतरी चिकटवून दिलेली हुबेहूब पाटीही चालत नाही, मग तिचा धातू कितीही शुद्ध असो. अधिकृत पाटीवरचा लेझरचा क्रमांक 'वाहन' या संगणकीय नोंदणीत त्याच गाडीच्या इंजिन आणि चॅसिस क्रमांकाशी जोडलेला असतो. नकली पाटीला अशी नोंद नसते. पाटी खरी ठरते ती या जोडणीमुळे. पत्रा, होलोग्राम आणि कुलूप यांचे काम ही जोडणी तोडणे अवघड करण्याचे आहे. ते अशक्य होईल असा दावा मात्र कोणी करू नये.

पूर्वी गावोगावी नगरपालिका सायकलींना धातूचा बिल्ला देत. तो घरी बनवून चालत नसे, कारण बिल्ल्यामागे पालिकेच्या वहीतली नोंद असे. गाडीची पाटीही तशीच आहे. ती आपण पैसे देऊन घेतो, आपल्या गाडीवर लावतो, तरी तिच्यावरचा मजकूर आपल्या हौसेसाठी नसतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने तो वाचावा आणि गरज पडली तर आपल्याला शोधून काढावे, यासाठी तो असतो. १८९३ च्या पॅरिसमधील हुकूम हेच सांगत होता. फरक इतकाच, की तेव्हा पाटीवर मालकाचे नाव-पत्ताच लिहिलेला असे, आणि आज त्या जागी एक क्रमांक आहे. तो क्रमांक खोटा निघाला तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.